बैठकीचा फोटो मी अजून का पाठवला नाही

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी
आणि आमच्या गावांमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या सर्व सेवाभावी संस्था

विषय : ग्राम बाल संरक्षण समिती आणि दिवाळीनंतर गावात मागे राहणाऱ्या मुली

साहेब, मॅडम आणि संस्थांमधल्या ताई-दादांनो,

दसरा तोंडावर आला आहे. ऊसतोडीच्या मुकादमांच्या उचली (आगाऊ रकमा) वाटून झाल्या आहेत. पाडवा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं भांडीकुंडी, शेळ्या आणि तान्ही लेकरं घेऊन ट्रॅक्टरवर चढतील. अशा दिवसांत गेल्या सोमवारी माझ्या मोबाईलवर दोन निरोप आले. सकाळी शाळेतून कळलं, की आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह यंदा आपल्या गावाला नाही, पटसंख्या बसत नाही. दुपारी ग्रुपवर आदेश पडला : ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीचा फोटो इतिवृत्तासह उद्या बारापर्यंत टाका, फोटोवर तारीख आणि ठिकाण दिसलं पाहिजे.

दोन्ही निरोप एकाच इमारतीतून निघालेले. शिक्षण विभागाने मुलींचा आसरा बंद केला आणि महिला-बालकल्याण विभागाने मुली सुरक्षित असल्याचा फोटो मागितला. त्यानंतर तीन वेळा आठवण आली, पण मी फोटो टाकलेला नाही. का टाकला नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. नोटीस काढायची असेल तर काढा, पण आधी वाचा.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आमच्या ग्राम बाल संरक्षण समितीची सदस्य सचिवही मीच. अध्यक्ष सरपंच. पोलीस पाटील, आशाताई, मुख्याध्यापक हे सदस्य. माझं, गावाचं, तालुक्याचं नाव देत नाही, त्याला भीती हे कारण नाही. गाव ओळखलं की मुलगी ओळखली जाते, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे. हे कलम मला एकाही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या एका वकीलबाईंनी सांगितलं.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्याबद्दल बोलायला मोकळी होईन.

समितीची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, शंभर पानी. तीन वर्षांपूर्वी तपासणी लागली तेव्हा तिच्यात सहा महिन्यांच्या बैठका कोऱ्या होत्या. ग्रामसेवक (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) म्हणाले, बाई, काळजी करू नका, बसू अर्धा तास. ग्रामपंचायतीत बसलो. त्यांच्याकडे दोन निळे पेन होते, माझ्याकडे एक काळा. सगळ्या सह्या एकाच दिवसाच्या वाटू नयेत म्हणून आळीपाळीने पेन बदलले. सदस्यांच्या सह्या शिपायाने घरोघर फिरून आणल्या. प्रत्येक बैठकीखाली मी एकच वाक्य लिहिलं : "बालकांच्या सुरक्षेबाबत चर्चा करण्यात आली. गावात एकही प्रकरण आढळून आले नाही." त्या वाक्याखाली ज्या बैठकांच्या तारखा आहेत, त्यांतली एक डिसेंबरची आहे.

त्याच डिसेंबरमध्ये एक पोर माझ्या डोळ्यांसमोरून रोज जात होती.

आठवीतली. आई-बाप कर्नाटकात तोडणीला गेलेले. घरी आजी, ही, नऊ वर्षांची बहीण आणि अंगणवाडीत येणारा भाऊ. भावाला सोडायला-न्यायला हीच यायची. एकदा तिच्या हातात चहापत्तीची पुडी दिसली. शेजारच्या गावातल्या दुकानाची होती, आमच्या चौकातल्या नव्हे. जाऊन-येऊन चार किलोमीटर. मी म्हटलं, "इतक्या लांब कशाला गेलीस गं? चौकात काय दुकान जळालं का?" ती म्हणाली, "तिथं स्वस्त मिळती बाई." दहा रुपयांच्या पुडीत काय स्वस्त अन् काय महाग! पण मला तेव्हा पोषण ट्रॅकरच्या सरकारी ॲपवर मुलांची वजनं भरायची होती. मी मान डोलावली आणि भरत राहिले.

चौकातल्या दुकानात आजीची उधारी होती. आई-बाप गेले की सहा महिने म्हाताऱ्यांचं घर उधारीवर चालतं, आणि परत आल्यावर हिशेब होतो. आमच्याकडे ही रीतच आहे. त्या उधारीच्या वहीचा आधार घेऊन काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. कोर्टात आहे, निकाल लागायचा आहे. एवढंच सांगते, की दिवाळीच्या आठवड्यात सुरू झालेली गोष्ट मला फेब्रुवारीत कळली. तीही आजी रात्री साडेनऊला दार वाजवून आली तेव्हा. तिने पदर तोंडात कोंबलेला होता. म्हणाली, "बाई, मह्या घरातलं गावात जाऊ देऊ नका, पर पोरीला दवाखान्यात न्या."

त्या रात्री समितीची सदस्य सचिव म्हणून काय करायचं, याची मला काडीची माहिती नव्हती. कुणाला फोन करू? मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आठवला, कारण तो शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. लावला. पलीकडची मुलगी चांगली होती, तिने जिल्हा विचारला, तालुका विचारला, मग कळवतो म्हणाली. कळवलंही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्यातून फोन आला. तोपर्यंत गावात तीन बैठका होऊन गेल्या होत्या. या बैठका खऱ्या होत्या, त्यांचा फोटो कुणी मागितला नाही. पारावर ठरलं, की तंटामुक्तीत मिटवू, पोरीची बदनामी नको, उधारी माफ होईल आणि वर काही रक्कम. माझ्याच समितीचा एक सदस्य त्या बैठकीत होता.

मी कळवलं म्हणून मला शहाणी ठरवू नका. कळवलं नाही तर आपल्यालाच शिक्षा आहे, हे मला त्या दिवशी आशाताईने सांगितलं म्हणून धीर आला. कायद्याचं कलम १९ म्हणतं, की कळलं की कळवायचंच. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. या गुन्ह्यात गावाला तडजोड करताच येत नाही. हे वाक्य जर त्या चौकात मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, तर पारावरची बैठक भरायच्या आधीच मोडली असती. चौकात "स्वच्छ गाव, सुंदर गाव" रंगवलेलं आहे.

पुढचं थोडक्यात. कायद्यात लिहिलंय, की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आणि रात्री पोरीला ठाण्यात ठेवू नये. आम्हाला ठाण्यात बोलावलं. महिला अधिकारी बंदोबस्ताला गेल्या होत्या. ज्या शिपाईबाई आल्या त्या मायाळू होत्या, त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी पोरीला दिली. पण अंगावर खाकी होती आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला दारू पिऊन पकडलेला माणूस बसला होता. रात्री सव्वाला आम्ही जीपने घरी आलो. भाडं सोळाशे, मी दिलं.

अशा मुलांची प्रकरणं पाहणारी बाल कल्याण समिती जिल्ह्याच्या गावी. पहाटेची एसटी पकडली तर अकराला पोहोचतो. आजीला चार वेळा जावं लागलं. प्रत्येक वेळी तिची खुरपणीची मजुरी बुडली, लहान दोघांना शेजारी ठेवावं लागलं. २०२० च्या पोक्सो नियमांमध्ये सोय आहे, की अशा लेकराच्या जेवणाला, कपड्याला, प्रवासाला बाल कल्याण समिती तातडीची मदत सुचवू शकते आणि शिफारस पोहोचल्यापासून आठवड्यात ते पैसे मिळायला हवेत. त्याच नियमांत साहाय्यक व्यक्तीही आहे, म्हणजे तपास आणि खटला संपेपर्यंत पोरीसोबत राहणारा माणूस. आम्हाला दोन्ही मिळाली नाहीत, कारण दोन्ही मागायची असतात हेच माहीत नव्हतं. अत्याचार झालेल्या बायका-मुलांना पैशांची मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिचा अर्ज आम्ही भरला तो घटनेनंतर अकराव्या महिन्यात.

आई-बापांना निरोप गेला तेव्हा ते उसाच्या फडात होते. मुकादम म्हणाला, उचल फिटल्याशिवाय एक कोयता (तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी) कमी करता येणार नाही. चौथ्या दिवशी आई एकटी आली. बाप हंगाम संपल्यावर.

आता कोर्टाचं. साक्ष बंद खोलीत होते, त्यामुळे इतरांचं काही सांगणार नाही, फक्त मला विचारलेला एक प्रश्न सांगते. समोरच्या वकिलांनी लाल कापडी वही पुढे केली. "ही सही तुमचीच ना?" हो. "हे अक्षर तुमचंच?" हो. "मग डिसेंबरमध्ये गावात एकही प्रकरण नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय." मी काय बोलणार? खोटी बैठक लिहिली होती असं म्हणावं तर मी खोटारडी, आणि खरी होती म्हणावं तर पोर खोटारडी. मी खरं सांगितलं. सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले.

साहेब, तुम्ही मागता तो फोटो त्या वहीत चिकटवायचा आहे. म्हणून पाठवला नाही.

आता तक्रारी. नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते, पण एकीत दुसरी गुंतलेली आहे.

सगळ्यात मोठी तक्रार तारखांची. आमच्या मुलींवर संकट कधी येतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे : दिवाळीच्या पाडव्यापासून ते मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. या महिन्यांत मोठी माणसं नसतात, घरं अंधारी असतात, म्हाताऱ्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं. तुमची हंगामी वसतिगृहं मात्र मंजुरी, अंदाजपत्रक, पुरवठादार करत करत डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आमचं संकट त्या तारखेला थांबत नाही. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे मुलं झोपायला आजी-आजोबांकडेच जायची. शाळेत दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळी अभ्यास, एवढंच. पण तेवढ्यानेही केवढा फरक पडतो! पोरगी दिवसातून तीनदा कुणाच्या तरी नजरेला पडते. आणि घरातलं पीठ-मीठ संपलं म्हणून तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. ज्या वर्षी ते प्रकरण घडलं, त्या वर्षी आमचं वसतिगृह ६ जानेवारीला सुरू झालं होतं. यंदा तर ते नाहीच. पटसंख्या बसत नाही म्हणता. माझ्या हातात दहा ते सतरा वर्षांच्या तेवीस मुलींची यादी आहे, ज्यांचे आई-बाप जाणार आहेत. तुमची पटसंख्या कुणी मोजली? कुठल्या महिन्यात मोजली? गणपतीत मोजली तर सगळी घरं भरलेलीच दिसणार.

संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहं २०२१ मध्ये जाहीर झाली. एकेचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी. चांगली योजना आहे, जिथे सुरू झाली तिथे पोरी शिकताहेत. पण तालुक्याला एक मुलींचं आणि एक मुलांचं, शंभरेक जागांचं वसतिगृह आणि तालुक्यातून जाणारे हजारो कोयते, हा हिशेब तुम्हीच मांडा.

दुसरी तक्रार पैशांची. जिल्हा परिषद असो वा ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्या भागात या दहा टक्क्यांचं काय होतं, ते ज्याच्या त्याच्या घरात दिसतं : शिलाई मशीन, सायकल, पिठाची गिरणी. गिरणी मिळालेल्या बाईबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिचं घर चालतं. पण "बाल" या शब्दावर गेल्या पाच वर्षांत आमच्या ग्रामपंचायतीने केलेला एकमेव खर्च मला माहीत आहे, तो म्हणजे बालदिनाची बिस्किटं. समितीला पाच पैशांची तरतूद नाही. रात्रीच्या जीपचे सोळाशे रुपये कुठल्या शीर्षाखाली मागायचे, हे विचारलं तर ग्रामसेवक खरोखर विचारात पडले. माणूस वाईट नाही. शीर्षच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. त्या काळात आमच्यासारख्यांनी जाऊन भांडावं अशी महिला-बालकल्याण सभापतीही नव्हती.

तिसरी, शाळेची. मार्च २०२२ मध्ये शासनाने मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती सांगितली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडल्यावर सगळीकडे धावपळ झाली, आमच्या शाळेतही तक्रार पेटीला नवं कुलूप आलं. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे टांगलेली. तिथे जाऊन चिठ्ठी टाकायची म्हणजे आधी "सर, आत येऊ का" विचारायचं! मागच्या महिन्यात मी आग्रहाने उघडायला लावली. आत गोळ्यांचे तीन कागद, एक लग्नपत्रिका आणि "खिचडीत मीठ कमी असतं" अशी चिठ्ठी निघाली. सर हसले. मला त्या चिठ्ठीचा आनंद झाला. निदान एका पोराने ती पेटी खरी मानली.

चौथी तक्रार संस्थांची, आणि ती लिहिताना हात अडखळतो, कारण माझ्या पोरीसोबत कोर्टात दिवसभर उपाशी बसलेली मुलगी एका संस्थेचीच होती. तिचे उपकार फिटणार नाहीत. पण तिचा करार अकरा महिन्यांचा. प्रकल्प संपला, ती पुण्याला गेली, तिचा संस्थेचा नंबर बंद झाला. पोरीने नंतर दोनदा मला विचारलं, "त्या ताई कधी येणार?" नवीन ताई आली, तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारायला सुरुवात केली. पोर उठून मागच्या दाराने निघून गेली.

संस्थांनो, तुम्ही जानेवारीत येता. बॅनर लावता, चाळीस मिनिटं चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवता, फोटो काढता. वर्गात तेव्हा ज्यांचे आई-बाप गावात आहेत अशी मुलंच जास्त असतात. काही पोरी फडावर असतात, कोपीत (झोपडीत) भाकरी थापत, तान्ह्याला सांभाळत, आंघोळीला आडोसा शोधत. काही घरी शेळ्या राखत. ज्यांना सांगायचं त्या ऐकायला नाहीत. आणि एक विनंती हात जोडून : पत्रकांत मुलींचे चेहरे पुसट करून छापता, पण मागे आमच्या मारुतीच्या देवळाचा कळस स्पष्ट दिसतो. पंचक्रोशीत तसा निळा कळस दुसरा नाही. आमच्याकडे चेहऱ्यावरून नाही, कळसावरून माणूस ओळखतात.

१०९८ ही मदतवाहिनी पूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था चालवायच्या. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली ती संस्थेच्याच हातून. २०२३ पासून ती सरकारकडे आली, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. कुणी चालवावी यावर माझं मत नाही. पण पूर्वी फोन केला की तासा-दीड तासात मोटारसायकलवर कुणीतरी येऊन उभं राहायचं. आता निरोप वरून खाली झिरपत येतो. तो माणूस परत द्या, मग तो सरकारी असो की संस्थेचा.

फडावरचं तर विचारूच नका. तिकडे काही झालं तर तिथलं ठाणं म्हणतं तुमच्या गावी जा, आणि गावचं ठाणं म्हणतं घडलं तिकडे जा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. कोल्हापूर, सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडातल्या बाईला हे कोण सांगणार? ग्रामसेवक ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देतात, म्हणजे कोण जाणार आणि मागे कोण राहणार याची यादी तुमच्याकडे आधीच आहे. ती शाळेच्या हजेरीशी आणि माझ्या सर्वेक्षणाच्या वहीशी एकदाही ताडून पाहिली गेली नाही. तिन्ही वह्या एकाच गावात, एकमेकींपासून शंभर पावलांवर पडून आहेत.

यावर तुम्ही म्हणाल, बाई, लोकच मुलींची लग्नं लहान वयात लावतात, त्याला जिल्हा परिषद काय करणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. हे आकडे आम्हाला दरवर्षी ऐकवले जातात, खाली मान घालून ऐकतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक आणि मी त्यांची सहायक. मी पाच लग्नं थांबवली आहेत. पाचही घरांत आईने मला एकच विचारलं : "थांबवते बाई. पण पोरगी सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवू, ते सांगा." यातल्या दोघींची लग्नं पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन लागली. मी त्या आयांना दोष देऊ शकत नाही. लग्न हा त्यांना सापडलेला बंदोबस्त आहे. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे एका अत्याचाराच्या भीतीने आई पोरीला दुसऱ्या अत्याचाराच्या हवाली करते, आणि मधल्या सहा महिन्यांसाठी आपण तिला काहीही देत नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अंबाजोगाईचं प्रकरण देशभर गाजलं. बालविवाह झालेल्या अल्पवयीन मुलीने शेकडो जणांविरुद्ध तक्रार केली होती, पोलिसांवरही आरोप होता. त्यानंतर महिन्याभरात आमच्या समितीची वही दोनदा तपासली गेली. दोन्ही वेळा सह्या आहेत का, एवढंच पाहिलं.

मागण्या फार नाहीत.

हंगामी वसतिगृह गावातून पहिली टोळी निघेल त्या दिवशी सुरू करा आणि शेवटची परतेल त्या दिवशी बंद करा. त्यासाठी यादी दसऱ्याच्या आत गावातच तयार करा. ओळखपत्रांची नोंद, शाळेची हजेरी आणि माझी वही घेऊन अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी करून देते. आमच्या गावाची यादी तयार आहे. तेवीस.

दहा टक्क्यांतला एक हिस्सा समितीच्या नावाने वेगळा काढा. जीपचं भाडं, आजीची बुडालेली मजुरी, पोरीचं जेवण. पावती मी देईन. नंतर शासनाकडून मिळेल तेव्हा परत भरून घ्या.

प्रत्येक समितीला एक कागद द्या, एकच, दोन्ही बाजूंनी छापलेला : पहिल्या चोवीस तासांत काय करायचं, कुणाला फोन करायचा, महिला पोलीस अधिकाऱ्यांचा नंबर, बाल कल्याण समितीचा, साहाय्यक व्यक्तीचा. नंबर चालू आहेत का ते दर तीन महिन्यांनी फोन करून पाहा. फोटोपेक्षा ते सोपं आहे. आणि त्याच कागदावर, तडजोड करता येत नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापा. ते मी चौकात रंगवून घेईन, रंगाचे पैसे मागणार नाही.

"प्रकरण आढळले" असं लिहिणाऱ्या गावाला शाबासकी देता येत नसेल तर निदान खुलासा मागू नका. आज शून्य लिहिणारं गाव चांगलं ठरतं. म्हणून सगळी गावं शून्य लिहितात.

तक्रार पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा आणि तिची किल्ली गावाबाहेरच्या बाईकडे द्या.

संस्थांना मागणी एकच : कार्यक्रम कमी करा, पण पोरीसोबत बसणारा एक माणूस निकाल लागेपर्यंत बदलू नका. कायदा म्हणतो शक्यतो वर्षात निकाल लागावा. आमचा लागलेला नाही. तुमच्या प्रकल्पाची मुदत देणगीदाराशी भांडून वाढवून घ्या. आणि जानेवारीऐवजी दिवाळीच्या आधी या, आई-बाप घरी असताना. त्यांच्यासमोर बोला.

मला ठाऊक आहे, यातल्या काही गोष्टी तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत, आणि काही जिल्ह्यांत मन लावून काम करणारे अधिकारी आहेत. आमच्याकडेही एक होत्या. पहाटे पाचला टोळ्या निघताना ट्रॅक्टरपाशी येऊन उभ्या राहायच्या, पोरं मोजायच्या. त्यांची बदली झाली.

ती पोर आता गावात नाही. प्रकरणानंतर आई-बाप तिला मागे ठेवायला तयार झाले नाहीत. मागच्या दोन हंगामांत ती त्यांच्यासोबत फडावर गेली, नववी अर्धवट राहिली. तारीख लागली की तिकडून रात्रभर प्रवास करून येते, जबाबदार बाईसारखी पिशवीत सगळ्यांचे आधार कार्ड घेऊन. तिच्या पाठची बहीण आता बारा वर्षांची आहे. सातवीत पहिली येते. माझ्या तेवीसच्या यादीत तिचं नाव सतराव्या ओळीवर आहे. आजीला आता एका डोळ्याने दिसत नाही.

समितीची बैठक मी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता अंगणवाडीत लावली आहे. सरपंचांना लेखी कळवलंय, पोहोच घेतली आहे. आयांना बोलावलंय, कारण त्या अजून गावात आहेत. सतरंजी आहे, पाणी आहे. वहीचं नवीन पान कोरं ठेवलंय, जे बोललं जाईल तेच लिहीन. जिल्हा परिषदेतून कुणी एकजण आलं तर फोटो तुम्हीच काढा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
सदस्य सचिव, ग्राम बाल संरक्षण समिती